नळीच्या पुढे

वखारवाल्याच्या मुलाच्या तोंडावर रायफल फुटली, तेव्हा वहिनी दुकानात एका जुन्या दुनळीचा दस्ता घासत बसली होती. गावात सगळे तिला वहिनीच म्हणायचे. बंदुका दुरुस्त करायचं ते दुकान तिच्या नवऱ्याचं. तो दुखण्यात गेला आणि दुकान तिच्यावर नि तिच्या दिरावर येऊन पडलं. ती नळ्या, चाप, दस्ते बघायची. दीर काडतुसं भरायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा दीर शाळेत जात होता. त्याला पहिल्यांदा दाढी करायला तिनंच शिकवलं होतं, कारण नवऱ्याला त्याच्याकडे बघून हसूच आवरत नव्हतं. ती त्याला भाऊजी म्हणायची आणि अहो-जाहो करायची. तो मात्र तिला सरळ अगं-तुगं करायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बातमी घेऊन आला नेमबाजी क्लबचा सचिव. त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्त होतं आणि ते त्याचं नव्हतं.

"बाकावर रायफल टेकवून नेम धरला होता त्यानं," सचिव म्हणाला. "चाप ओढला आणि नळी मागून बंद करणारा बोल्ट मागे उडाला. नळी सोललेल्या केळ्यासारखी उकलली. उजवा डोळा गेलाच. जबडा असा लोंबत होता. उभा राहून काहीतरी सांगायला बघत होता पोरगा, आणि हनुवटी छातीवर."

"जिवंत आहे ना?" वहिनीनं विचारलं.

"आहे. पण वहिनी, काडतूस तुमच्या दुकानचं होतं."

दीर मागच्या टेबलावर काडतुसांच्या डब्याला झाकण लावत होता. ते झाकण त्यानं तसंच हातात धरलं, मागच्या दारानं बाहेर गेला आणि भिंतीशी वाकून ओकला. वहिनीला वाटलं, हळवाच आहे पहिल्यापासून. कोंबडी कापतानासुद्धा तोंड फिरवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वखारवाला आला. आयुष्यभर ओंडके ओढलेला माणूस, पंजे फावड्यासारखे, आवाज मात्र अगदी हळू. त्यानं आत येऊन दार लावून घेतलं.

"काडतुसं कोण भरतं?"

"मी," दीर म्हणाला.

वखारवाल्यानं त्याचं मनगट धरलं. दीर काही किरकोळ नव्हता, पण त्या पकडीत त्याचा हात लहान पोरासारखा दिसला. टेबलाला नळ्या आवळून धरायचा लोखंडी व्हाइस बसवलेला होता. वखारवाल्यानं दिराची बोटं व्हाइसच्या जबड्यांत घातली आणि दुसऱ्या हातानं दांडी फिरवली.

"दारू किती घातली होतीस?"

"नेहमीएवढीच."

दांडी अजून फिरली. दीर चवड्यांवर उभा राहिला.

"पोराला नळीनं दूध पाजतोय आम्ही," वखारवाला म्हणाला. "पंचविशीतला पोर. त्याची आई त्याच्यासमोर रडायला नको म्हणून न्हाणीघरात जाऊन रडते. मी परत विचारतो. किती?"

"नेहमीएवढीच."

बोटाचं हाड मोडल्याचा आवाज वहिनीनं ऐकला. ओली काटकी मोडावी तसा. तिनं हातातला दस्ता वखारवाल्याच्या पाठीत घातला. त्यानं मागे न बघता कोपर मारलं आणि ती कपाटावर आदळली. ओठ फुटला, तोंडात खारट चव आली. तिनं फळीवरची दुनळी उचलली आणि नळी त्याच्या मानेला लावली.

"भरलेली नाहीये," वखारवाला म्हणाला. "दुकानात भरलेली बंदूक ठेवण्याइतकी तू खुळी नाहीस." आणि दांडी पुन्हा फिरवली. दुसरं बोट मोडलं. दिरानं ओरडायचं सोडून शर्टाची कॉलर दातांत धरली होती.

दार वाजलं नसतं तर तो हात तिथेच चिरडला गेला असता. फुटलेलं काडतूस ज्या खेपेतलं होतं, त्या खेपेचा उरलेला डबा सीलबंद करायला सचिव आला होता. त्यानं आतलं दृश्य बघितलं, खुर्ची ओढली आणि वखारवाल्याच्या शेजारी बसला. ओरडला नाही, हे बरं केलं.

"हात सोडा आधी. मोडक्या हाताकडून काय उत्तर मिळणार?" तो म्हणाला. "हे मोजता येतं. दारू जास्त असेल तर गोळीचा वेग जास्त येतो. ह्याच डब्यातली काडतुसं क्लबच्या जाड नळीच्या रायफलीतून झाडू. वेग ठीक आला तर दोष बंदुकीचा, आणि ती बंदूक काही ह्यांनी दिलेली नाही."

"आणि जास्त आला तर?"

"तर पोलीस आहेत, कोर्ट आहे."

वखारवाल्यानं स्वतःच दांडी उलटी फिरवली. "मोजा. मी बघायला येतो," तो म्हणाला आणि दार उघडं टाकून गेला.

वहिनी पोलिसांत जायला निघाली होती. दिरानंच अडवलं. "त्याच्या पोराचा डोळा गेलाय, वहिनी. माझी दोन बोटं गेली तर काय आभाळ कोसळलं?"

वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो. क्लबकडे होता एक, पण गेल्या वर्षी एका सभासदानं नेम चुकून त्यालाच गोळी घातली होती. नवा घ्यायला समितीची बैठक, आणि समितीची बैठक म्हणजे आनंदच. "तुम्हीच घ्या," सचिव म्हणाला. "दुकानाला पुढेही उपयोगी पडेल. फार भारीतला नको, पण अगदीच खेळणंही नको."

मोठ्या शहरात असल्या सामानाचं एक दुकान होतं. वहिनी आणि दीर बसनं निघाले. दिराचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तो खिडकीशी बसला होता आणि वाटेत एकदाच बोलला.

"वहिनी, यंत्र नको घेऊ या. दुकान विकून टाकू. मी कुठेही नोकरी करीन."

"मोजलं की तुमच्यावरचा आळ जाईल. काही केलं नसेल तर भ्यायचं कशाला?"

तिला वाटलं, व्हाइसची धास्ती बसली आहे. तिनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि विषय संपवला.

दुकानदार काटकुळा आणि बोलघेवडा होता. त्यानं काचेवर तीन खोकी मांडली. पहिलं रडारचं, चपट्या डब्यासारखं. "हे बंदुकीच्या शेजारी ठेवायचं आणि गोळ्या झाडायच्या. ऊन नको, सावली नको, पुढे जायला नको, मागे यायला नको. राजा माणूस." वहिनीनं ते हातात घेतलं, किंमत ऐकली आणि झोपलेलं तान्हं मूल ठेवावं तसं अलगद परत ठेवलं.

दुसरं नळीच्या टोकाला पट्ट्यानं बांधायचं होतं. शिसं-तांब्याची गोळी जवळून गेली की त्यातल्या चुंबकाला कळायचं. ते तिला आवडलं. पण तिनं नळीच्या जाडीचा अंदाज बोटांनी दाखवला तेव्हा दुकानदारानं मान हलवली. "इतक्या जाड नळीला पट्टा पुरायचा नाही. शिवाय तुम्ही म्हणता काडतुसांचाच संशय आहे. नळी फुटली तर हेही तिच्याबरोबर गेलं."

तिसरं सगळ्यांत स्वस्त. लांबट पेटीला दोन काचेचे डोळे, प्रत्येक डोळ्यावर तारेची कमान, कमानीवर पांढऱ्या प्लास्टिकची छत्री.

"गोळी ह्या कमानींमधून न्यायची," दुकानदार म्हणाला. "पहिल्या डोळ्यावरून तिची सावली गेली की आतलं घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. मधलं अंतर ठरलेलं, म्हणजे वेग कळला. साधा हिशेब."

"खोड काय आहे ह्यात?"

"विचारलंत ते बरं केलंत. नळीच्या तोंडापासून चांगलं दहा फूट पुढे ठेवावं लागतं, नाहीतर बारुदाच्या धुरानं गोंधळतं. उजेड लागतो. ऊन-सावली बदलली की आकडाच येत नाही, मग पुढे जाऊन छत्र्या सरकवाव्या लागतात. आणि हे बिघडलं म्हणून परत आणणाऱ्यांतले निम्मे लोक ह्यालाच गोळी मारून आलेले असतात."

"आकडा खरा असतो का?"

"स्पर्धेतल्या नेमबाजाला कमी पडेल. जास्त की कमी, हे ओळखायला भरपूर."

त्यातही दोन प्रकार होते. एकात आकडे पेटीवरच दिसायचे, दुसऱ्यात लांब वायरीनं जोडलेली वेगळी पाटी होती. ती नेमबाजाजवळ ठेवता यायची. वहिनीनं दुसरा निवडला. डोळ्यांना गोळी लागली तरी पाटी तरी वाचेल. घासाघीस करून तिपाई फुकटात पदरात पाडून घेतली.

दिरानं तोंड उघडलं ते पैसे देऊन झाल्यावर. "दहा गोळ्या सारख्या असल्या आणि एखादीच वेगळी असली, तर तेवढी एक दाखवतो का?"

"प्रत्येक गोळी वेगळी दाखवतो," दुकानदार म्हणाला. "ह्याच्यापासून काही लपत नाही."

घरी आल्यावर त्यांनी मागच्या बोळात तिपाई उभी केली आणि छऱ्यांच्या बंदुकीनं यंत्र तपासून बघितलं. दीर डाव्या हातानं नेम धरत होता आणि पहिलाच छरा शेजाऱ्यांच्या पिंपाला लागून ठण्ण वाजला. शेजारीण खिडकीतून डोकावली. "चालू द्या तुमचं युद्ध," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. दोघं हसत सुटले. त्या अपघातानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. पाटीवर आकडे बरोबर येत होते. वहिनीला वाटलं, आता सगळं मार्गी लागणार.

चाचणीच्या सकाळी स्वच्छ ऊन होतं. क्लबचं मैदान म्हणजे एका टोकाला पत्र्याची शेड आणि दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध. सचिवानं जाड नळीची रायफल लोखंडी चौकटीत बसवली आणि लाकडी हातोड्यानं पाचरी ठोकून घट्ट केली. चौकटीच्या मागे वाळूनं भरलेले टायर रचले. चापाला दोरी बांधली, म्हणजे फुटलीच तर टायरांच्या आड उभं राहून ओढता येईल. समोर, उन्हात, तिपाईवर यंत्र उभं होतं.

वखारवाला आपली गाडी शेडपर्यंत घेऊन आला होता. मागच्या बाजूला लाकूड वाहायची ती गाडी. पुढच्या आसनावर त्याचा मुलगा बसला होता, अर्ध्या डोक्याला पट्टी, जबडा तारांनी बांधलेला. तो खाली उतरला नाही. दिरानं एकदा तिकडे बघितलं आणि मुलानं एका डोळ्यानं त्याच्याकडे. वहिनीला ते बघणं दुष्मनीचं वाटलं नाही. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती.

सचिवानं डब्याचं सील फोडलं. काडतूस घालायचं, बोल्ट लावायचा, टायरांमागे यायचं, दोरी ओढायची. वहिनी आकडा मोठ्यानं वाचायची. सेकंदाला आठशे मीटर. आठशे पाच. सातशे अठ्ठ्याण्णव. प्रत्येक आकड्याला वखारवाल्याचा चेहरा आक्रसत होता आणि वहिनीचा उजळत होता. दीर खांबाला टेकून उभा होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

मग एक आवाज वेगळा झाला. कोरडा, कानात रुतणारा. चौकट जागची उडाली. वहिनीनं पाटीकडे बघितलं आणि तिच्या तोंडून आकडा निघेना. सचिवानं वाकून वाचला. "नऊशे चाळीस."

बोल्ट हातानं उघडेना. सचिवाला हातोडा मारून उघडावा लागला. बाहेर पडलेल्या रिकाम्या काडतुसाचं बूड दाबानं चेपून चकचकीत झालं होतं. वहिनीनं दिराकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. एवढ्या वर्षांत शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून पहिल्या सिगारेटपर्यंत तिनं ही खाली गेलेली मान बघितली होती. कळायचं ते तिला कळलं.

"आणखी एक झाडू," सचिव म्हणाला. "एकावरून काही म्हणता येत नाही."

पुढचं काडतूस झाडलं, तर पाटी कोरीच. यंत्रावर ढगाची सावली आली होती. सचिवानं बोल्ट उघडा ठेवला. "कुणीतरी पुढे जाऊन छत्र्या सरकवा."

कुणी काही म्हणायच्या आत दीर निघालाच. वहिनीच्या नजरेसमोरून हलायला मिळालं म्हणूनच जणू. तो तिपाईपाशी पोचला आणि डाव्या हातानं छत्री काढू लागला.

"मघाच्या आकड्याचा अर्थ काय?" वखारवाल्यानं हळू आवाजात विचारलं.

सचिव पाठमोरा होता, पाटीची वायर तपासत होता. "म्हणजे त्यात दारू जास्त होती," तो म्हणाला. "बरीच जास्त."

वहिनीनं बोल्ट लागल्याचा आवाज ऐकला. छोटासा, गुळगुळीत आवाज. तो तिनं आयुष्यात हजारदा ऐकला असेल. डब्याचं झाकण उघडं होतं. वखारवाल्याच्या हातात दोरी होती.

तिनं सगळ्या अंगानिशी चौकटीवर उडी घेतली. पाचर निसटली, नळी फिरली आणि त्याच क्षणी गोळी सुटली.

खालची खुर्ची कुणी ओढून घ्यावी तसा दीर खाली बसला. मग त्यानं मांडीकडे बघितलं. जांघेजवळून रक्त उसळत होतं, हातपंपाला पाणी येतं तसं, थांबून थांबून. यंत्र त्याच्या शेजारी आडवं झालं होतं.

सचिव पळत त्याच्याकडे गेला. वहिनी गेली नाही. तिच्या हाताला लाकडी हातोडा लागला होता. पहिला घाव तिनं वखारवाल्याच्या कानावर घातला. तो भेलकांडला. दुसरा घाव अडवायला त्यानं हात वर केला आणि तो हात मधूनच वाकला. तो गुडघ्यावर आला, दोरी कधीच सुटली होती, तो तिच्यावर उलटत नव्हता, नुसता डोकं झाकायला बघत होता. तिला ते दिसत होतं. तरी तिनं मारलं. खांद्यावर, डोक्यावर, परत डोक्यावर. हातोड्याला केस चिकटले. ती एक शब्दही बोलत नव्हती. फक्त प्रत्येक घावाला तिच्या छातीतून लाकूड फोडणाऱ्यासारखा हुंकार निघत होता.

मागून कुणीतरी तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिला उचलून बाजूला केलं. तो वखारवाल्याचा मुलगा होता. तारांतून त्याला नीट बोलता येत नव्हतं. "पुरे," एवढंच तो म्हणाला. "पुरे, वहिनी."

सचिवानं पट्ट्यानं मांडी आवळली होती, पण जखम इतकी वर होती की पट्टा नीट बसत नव्हता. ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तो फोन करायला आणि बंदुकांपाशी थांबायला मागे राहिला. मुलानं दोन्ही जखमींना गाडीच्या मागच्या भागात घेतलं, वहिनीला आत ढकललं आणि स्वतः स्टीअरिंगवर बसला.

गाडीत भुस्सा पडला होता. दिराचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं आणि ती दोन्ही मुठी त्याच्या जांघेत रोवून, ओणवी होऊन दाबत होती. समोर, हाताच्या अंतरावर, वखारवाला पत्र्याला टेकून बसला होता. त्याच्या डोक्यातून रक्त गळ्यावर येत होतं आणि त्याला भुस्सा चिकटत होता. पोरगा एका डोळ्यानं गाडी चालवत होता. अंतर कळत नसल्यानं तो एकदा कठड्याला घासला, एकदा कुणाच्या तरी हातगाडीला. थांबला नाही.

"मी मागितली होती," तो पुढून म्हणाला. शब्द अर्धवट येत होते, पण कळत होते. "जोराची काडतुसं. मीच मागितली होती. दरीच्या पलीकडचं डुक्कर पाडतो म्हणून पैज लावली होती. बाबांना सांगू नकोस, म्हटलं त्याला."

"काय म्हणतोस?" वखारवाला म्हणाला.

"तो नाही म्हणत होता. मी मागे लागलो."

दिरानं डोळे उघडले. त्याचे ओठ भिंतीच्या चुन्यासारखे झाले होते.

"उरलेली मी डब्यात मिसळली, वहिनी. वेगळी ठेवायची भीती वाटली. तू बघशील म्हणून. मग सचिवांनी सील केलं."

"बोलू नका."

"बसमध्ये सांगणार होतो तुला."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

तिच्या मुठींमधून रक्त येतच होतं, गरम, घसरडं. वखारवाल्यानं धडक्या हातानं आपला सदरा ओढून काढला, मोडका हात बाहीतून काढताना कण्हला, आणि सदऱ्याचा बोळा करून तिच्यापुढे धरला. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग तो घेतला आणि मुठींखाली दाबला.

"पायालाच लागलंय ना?" वखारवाला म्हणाला. "पायानं काही माणूस जात नाही. नाही ना जात?"

दिराचं डोकं तिच्या मांडीवर जड झालं. इस्पितळाचं फाटक आलं तेव्हा पोरगा हॉर्न वाजवत होता, आणि मागे काय झालं आहे हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो आतल्या दारापर्यंत हॉर्न वाजवतच राहिला.

वखारवाल्यावर दिराच्या खुनाचा खटला उभा राहिला. वखारवाला एका कानानं बहिरा झाला होता आणि त्याचा हात वाकडाच जुळला. त्यानं गुन्हा कबूल केला, पण त्याच्या वकिलाला आपलं काम करायचं होतं. वकिलानं वहिनीला विचारलं, "रायफल दोन कमानींच्या मधून नेम धरून घट्ट बसवलेली होती. बरोबर?"

"बरोबर."

"तुमचे दीर त्या वेळी कमानींसमोर ताठ उभे होते, की बाजूला वाकले होते?"

"उभे होते. छत्री काढत होते."

"नक्की? कारण ते बाजूला असतील आणि तुम्ही चौकट ढकलली नसती, तर गोळी रिकाम्या जागेतून गेली असती. तुमच्या ढकलण्यानं ती त्यांच्याकडे वळली."

सचिवाला विचारलं, तर तो पाठमोरा होता. पोलिसांच्या तज्ज्ञानं दोऱ्या लावून, कोन मोजून बघितले आणि सांगितलं, दोन्ही शक्य आहे. न्यायाधीशांनी वखारवाल्याला लांबची शिक्षा दिली. दोरी त्यानंच ओढली होती, त्यात वाद नव्हता. वहिनीनं घातलेले घाव संतापाच्या भरातले धरले आणि तिला ताकीद देऊन सोडलं.

वकिलाचा प्रश्न मात्र तिच्यासोबत घरी आला. भांडी घासताना तिला दीर दिसायचा, कमानींसमोर ताठ, छाती पूर्ण नळीपुढे. तेव्हा तिला हायसं वाटायचं. पण कधी तोच दीर खाली पडलेली छत्री उचलायला बाजूला वाकलेला दिसायचा, आणि हातातलं भांडं तसंच राहायचं. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट होती. तिनं कुणाला विचारायचं सोडून दिलं. काडतुसं भरायचं यंत्र तिनं भंगारात घातलं आणि दुकानात फक्त दुरुस्ती ठेवली.

पावणेदोन वर्षं झाली असतील. एका सकाळी वखारवाल्याचा मुलगा दुकानात आला. त्याच्या काचेच्या डोळ्याचा रंग खऱ्या डोळ्याशी जुळत नव्हता. जबडा एका बाजूला आत गेला होता. त्यानं चादरीत गुंडाळलेल्या तीन बंदुका टेबलावर ठेवल्या.

"बाबांच्या आहेत. आता घरात नकोत."

"विकायच्या आहेत?"

"नाही. कापून द्याल?"

वहिनीनं चादर उलगडली. बंदुका चांगल्या होत्या, निगा राखलेल्या. एकीच्या नळीवर तिच्या नवऱ्यानं केलेलं डागकाम होतं. ते तिला लगेच ओळखू आलं. "चांगल्या बंदुका कापायला जिवावर येतं," ती म्हणाली. "मुकाट्यानं विकल्यास तर पैसे येतील."

"कुणाच्या तरी हातात जातील."

तिनं पहिली नळी व्हाइसमध्ये आवळली. दांडी फिरवताना त्यानं नजर दुसरीकडे वळवली. आपल्या बापानं इथे काय केलं होतं हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तिनं हॅकसॉ लावला. पोलाद कठीण होतं, पातं कुरकुरत सरकत होतं.

"बाबा विचारत असतात तुमच्याबद्दल," तो म्हणाला.

"काय विचारतात?"

"काही नाही. बऱ्या आहेत का, एवढंच."

वहिनी करवत ओढत राहिली. मग ती म्हणाली, "सांग, हात दुखतात म्हणून. दुसरं काही सांगू नकोस."

त्यानं मान हलवली. नळी अर्ध्यावर आली तेव्हा तिचं टोक लवायला लागलं आणि पातं अडकू लागलं.

"नुसता उभा राहू नकोस," वहिनी म्हणाली. "ते टोक धर. सरळ धर, वर उचलून."

त्यानं दोन्ही हातांनी टोक धरलं. अंतराचा अंदाज येत नसल्यानं पहिल्यांदा त्याचा हात चुकला, मग सापडलं. ती कापत राहिली. अजून दोन बाकी होत्या.